आठवीतल्या मुलीचा पहिला फोन : बटणाचाच द्यावा, स्मार्टफोन दहावीनंतर

जुळेसोलापूरकर

मुलगी यंदा आठवीत गेली. शाळा सुटली की परस्पर सात रस्त्याला क्लासला जाते आणि दिवे लागायच्या सुमारास सिटी बसने घरी येते. फोन द्यायचा यावर घरात एकमत आहे. कोणता, यावर रोज जेवताना खडाजंगी. म्हणून इथं मांडतो.

माझं मत सरळ आहे. बटणाचा 4जी फोन, दीड-दोन हजारातला. स्मार्टफोन दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर.

तिला फोन लागतो कशाला? "क्लास सुटला", "बस आली नाही", "पप्पा, घ्यायला या". एवढ्यासाठी हातभर काच लागत नाही. बटणाचा फोन एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस बघावं लागत नाही, दप्तरातून पडला तरी उचलून परत आत टाकायचा. शिवाय 2017 पासून देशात विकल्या जाणाऱ्या फोनला आणीबाणीचं बटण सक्तीचं आहे. बटणाच्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरलं की मदतीचा कॉल लागतो. घाबरलेल्या पोरीला अंधारात चाचपून सापडेल असं काहीतरी पाहिजे, लॉक उघडून आयकॉन शोधत बसायचं नको. (घरी आणल्यावर गंमत म्हणून दाबून बघू नका. 112 वर खरंच माणूस बोलतो.)

4जी यासाठी म्हणतो की जिओचं 2जी नेटवर्कच नाही. हजाराच्या आतला साधा 2जी फोन आणला आणि घरातलं जिओचं सिम घातलं तर नुसता खोका हातात राहतो.

आणि रिचार्ज. फोनच्या किमतीवर सगळे घासाघीस करतात, हा खर्च कुणी मोजत नाही. टेलिफोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये आदेश काढला म्हणून जानेवारी 2025 पासून नेट नसलेले, फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक मिळायला लागले. तेव्हा 84 दिवसांना साधारण साडेचारशे पडायचे. वर्षाला दोन हजारांच्या आत. नेटचा पॅक बहुतेक 28 दिवसांचा, म्हणजे वर्षात 12 नाही तर 13 वेळा. तीनशेचा धरा, चार हजाराला टेकतो. तेवढ्यात वर्षभराचं अप्सरा, नवनीत आणि वह्या येतात.

विरोधात जरूर लिहा. फक्त "जमाना बदललाय" एवढ्यावर थांबू नका.

कडकभाकरी

ही पोस्ट तुम्ही बटणाच्या फोनवरून लिहिली का ओ? मी खरंच विचारलालो.

माझं तर म्हणणं फोनच नको. क्लास सुटताना दारात निम्मे आई-बाप गाडी लावून उभे असतात, सरांच्या हातात फोन असतो, चौकात दुकानं आहेत. आपण एक नंबर पाठ करून घरातून निघायचो. आत्ताच्या पोरांना घरातल्या कुणाचाच नंबर पाठ नसतो, तो आधी पाठ करून घ्या.

जुळेसोलापूरकर

निम्मे आई-बाप उभे असतात त्यात मी नसतो दादा. माझी ड्युटी एमआयडीसीत, चिंचोळीला. तिथून सात रस्त्याला पोचेपर्यंत क्लासला कुलूप लागतं.

पूर्वभागकर

मी गारमेंटमध्ये शिलाईला आहे, शाळेचे युनिफॉर्म शिवते. घरात टचचा फोन एकच आणि तो माझ्याबरोबर युनिटवर. शाळेच्या ग्रुपवर उद्याच्या गृहपाठाचा फोटो दुपारी येतो, मी घरी सातनंतर. तोवर पोरगा नुसता माझी वाट बघत बसतो. मग मी भाकरी टाकताना त्याच्या एका हातात वही, एका हातात माझा फोन. मध्येच मालकाचा कॉल आला की गृहपाठ बंद.

तुमचं गणित ज्याच्या घरी दोन-दोन स्मार्टफोन आहेत त्याचं आहे. आज दोन हजाराचा बटणाचा घ्यायचा, दोन वर्षांनी परत आठ हजाराचा दुसरा. माझ्यासारखीला एकदाच काय ते घ्यायला जमतं. मी सात-आठ हजारातला साधा स्मार्टफोन घेणार, आणि तो पोराचा एकट्याचा नसेल, घराचा असेल.

नवीपेठ_काउंटर

दुकानात उभा असतो म्हणून लिहितो. वाद तुमचा चालू द्या, घेताना फसू नका एवढंच.

बटणाचा घेणार असाल तर जिओभारत 2023 ला 999 रुपयांना आला, अजूनही लोक मागतात. पण त्यात जिओचंच सिम चालतं. उद्या तुमच्या गल्लीत रेंज नाही म्हणून कंपनी बदलायची ठरवली तर फोनही बदलावा लागतो. आणि बटणाचा म्हणजे नुसता बोलायचा अशी समजूत असेल तर काढून टाका, त्यात गाण्या-सिनेमाची अ‍ॅप असतात. पडदा बारका असला तरी बघणारी पोरं बघतात.

स्मार्टफोनच्या खोक्यावर मोठ्ठं "8 जीबी" असतं. खाली बारीक अक्षरात 4+4. पहिले चार खरी रॅम, दुसरे चार फोनच्या स्टोरेजमधून उसने घेतलेले. उसन्याच्या जोरावर फोन पळत नाही. 4 जीबी खरी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज याच्या खाली जाऊ नका, नाहीतर सहा महिन्यांत पोरगं म्हणतं हँग होतोय आणि बाप म्हणतो तूच बिघडवलास. 5जी साठी पोराच्या फोनवर वरचे हजार-दीड हजार घालू नका. अनलिमिटेड 5जी पाहिजे तर रोज 2 जीबीवाला महागडा पॅक लागतो, तो तुम्ही मारणार नाही.

जुना घेत असाल तर आमच्यासमोर, पैसे द्यायच्या आधी, हे करा. स्टार हॅश 06 हॅश दाबा, फोनची ओळख सांगणारा 15 आकडी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजीत केवायएम (KYM), एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज 14422 ला पाठवा. कंपनी-मॉडेल परत येतं. हातातला फोन वेगळाच असला किंवा नंबर ब्लॉक म्हणून आला तर तिथंच ठेवा. नंतर फोन पूर्ण रिसेट करून चालू करायला लावा. जुन्या मालकाचं गूगल खातं मागितलं तर तो फोन तुमचा होणार नाही. बिलावर आयएमईआय पाहिजेच. "बिल नको, पाचशे कमी करतो" म्हणणारा आमच्याच धंद्यातला असतो, तरी सांगतो, घेऊ नका.

सिम पोरांच्या नावावर मिळत नाही, 18 पूर्ण लागतात. आई-बापाच्या नावावरच येतं. म्हणजे त्या नंबरवरून पोरगं काय करतं त्याला कागदावर तुम्हीच जबाबदार.

खडूफळा

जुळेसोलापूरकरांशी असहमत. मी मोहोळ तालुक्यात शिकवतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आहेत. ती कल्पना माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी वापरून दाखवली, 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कारही त्यांना मिळाला. आपल्या जिल्ह्याने राज्याला दिलेली गोष्ट, आणि आपल्याच पोरांच्या हातात तो कोड न वाचणारा फोन? आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. सरावाला जुन्या प्रश्नपत्रिका मी ग्रुपवर टाकतो, त्या छापून वाटायला शाळेकडे पैसे नसतात.

जुळेसोलापूरकर

सर, गुरुजींबद्दल आदर आहेच. पण पोरं कोडच स्कॅन करत बसतात का? गावागावांत मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'चा 2024 चा अहवाल बघा. ग्रामीण भागातली 14 ते 16 वयाची मुलं. आधीच्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासाच्या कामाला वापरला असं 57 टक्क्यांनी सांगितलं, सोशल मीडियाला वापरला असं 76 टक्क्यांनी.

खडूफळा

तोच अहवाल पुढं वाचा. जवळपास 90 टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन आहे. पण ज्यांना तो वापरता येतो त्या सोळा वर्षांच्या मुलांतही स्वतःचा असलेली 38 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बरीच मुलं घरातल्या कुणाच्या तरी फोनवर अभ्यास करतात. पूर्वभागकर ताई म्हणतात तेच. तुमचं भांडण मालकीशी असेल तर मी तुमच्या बाजूला येतो. स्मार्टफोनशीच असेल तर नाही.

बारावीवाली

मी इथं बहुतेक सगळ्यात लहान असेन. मला आठवीत बटणाचा फोन दिला होता आणि घरी सगळे खूश होते.

माझं इन्स्टा मैत्रिणीच्या फोनवर होतं. ती बसमध्ये शेजारी बसायची, पार्क चौकात उतरेपर्यंत फोन माझ्याकडे. जन्मसाल 2000 टाकलेलं, म्हणजे अ‍ॅपच्या हिशोबाने मी केव्हाच मोठी. एका अनोळखी अकाउंटवरून घाण मेसेज यायला लागले तेव्हा मम्मीला सांगता आलं नाही. सांगायचं तर आधी अकाउंट आहे हे सांगावं लागलं असतं. पप्पा अजूनही पाहुण्यांना सांगतात, आमच्या पोरीला दहावीपर्यंत फोनचा नाद नव्हता.

बटणाचा द्या, नका देऊ. पण तो दिला म्हणून मुलगी नेटवर नाही असं समजू नका.

दोन_पोरांचा_बाप

बारावीवालीने लिहिलं तेच माझं कारण. आमच्याकडे थोरल्याला स्वस्तातला अँड्रॉइड दिलाय, त्यावर गूगलचं फॅमिली लिंक. रात्री साडेनऊला फोन बंद होतो, नवीन अ‍ॅप मागितलं की माझ्या फोनवर विचारणा येते, कुठं आहे ते नकाशावर दिसतं. पैसे लागत नाहीत.

फक्त एक. दुकानात फोन चालू करून देताना पोरगं घाई करतं आणि तिथंच कुठलं तरी जन्मसाल टाकून खातं उघडलं जातं. तसं करू नका. घरी आणा, खरं जन्मसाल टाका, आपल्या खात्याला जोडा, मग हातात द्या. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी 2025 मध्ये भारतात टीन अकाउंट आणलं, 16 च्या खालच्यांना त्यातली बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. खोट्या सालावर हे सगळं पाण्यात.

बटणाच्या फोनवर पोरगी "बसमध्ये आहे" म्हणाली की तेवढंच ऐकून घ्यायचं.

कडकभाकरी

म्हणजे आठवीतल्या पोरीच्या मागं चोवीस तास नकाशा लावायचा. ती खरं बोलते की नाही हे बघायला सॅटेलाइट. काय सांगलालाव ओ.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 मध्ये त्यांनी संध्याकाळी सातला भोंगा सुरू केला. भोंगा वाजला की दीड तास घराघरात टीव्ही-मोबाईल बंद, पोरं पुस्तक घेऊन बसायची. त्यात थोरांचाही मोबाईल बंद, हे मला आवडलं. आमच्या घरी पोरापेक्षा त्याच्या आजोबांना जास्त व्हिडिओ लागतात.

दोन_पोरांचा_बाप

भोंगा गावात चालतो. आमच्या अपार्टमेंटमध्ये वाजवला तर सोसायटीची मीटिंग लागेल.

नकाशाचं म्हणाल तर थोरल्याला माहीत आहे. लपवून लावला नाही. क्लास बुडवून होम मैदानावर क्रिकेट खेळायला जायचं असलं तर आता आधी विचारतो.

बारावीवाली

काका, किंवा फोन मित्राच्या दप्तरात क्लासला पाठवतो. 😄

जुळेसोलापूरकर

बाळा, तुझं लिहिलेलं घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मुलगी ताटात बघत राहिली, काही बोलली नाही. तिला मी एवढंच सांगितलं की कुणाच्याही फोनवर असं काही आलं तर मला सांगायचं, अकाउंट कुणाचं हे मी विचारणार नाही.

मत माझं तेच आहे. बसमध्ये, रस्त्यावर सिमवाला फोन बटणाचाच. अभ्यासाला माझा जुना स्मार्टफोन सिम काढून बैठकीत ठेवतो, माझ्या हॉटस्पॉटवर चालेल. कोड स्कॅन करा, प्रश्नपत्रिका बघा. बाहेर जाताना तो घरीच. खडूफळा सर, आता मालकी घराची झाली. रिचार्जही वाचला. ज्यांना दोन फोन घ्यायला परवडत नाहीत त्यांनी हेच करावं.

पूर्वभागकर

दादा, हॉटस्पॉट लावायला तुम्ही घरी पाहिजे ना. पोरगं दुपारी घरी, तुम्ही चिंचोळीला, मी युनिटवर. आमच्याकडे जुना फोन बाजूला पडलेलाही नसतो, तो आधीच जावेच्या पोरीला गेलेला असतो.

मी रविवारी नवी पेठेत जाणार आहे. काउंटरवाले दादा, 4 जीबी खरी रॅम, 64 स्टोरेज, 5जी नको, बिल पाहिजे. आणि फोन दुकानात चालू करू नका, जन्मसाल मी घरी टाकणार.

नवीपेठ_काउंटर

या ताई. संध्याकाळी नका येऊ, रविवारी पाय ठेवायला जागा नसते. अकराच्या सुमारास या. आणि आधार कार्ड तुमचं आणा, पोराचं नको.