पार्किंग क्रमांक १७ आणि डेटाबेस म्हणजे नेमके काय

सचिव:
आपल्या सोसायटीच्या या संदेश-गटावरील सर्व सभासदांना नमस्कार. पार्किंगची जागा क्रमांक १७ कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न आज पुन्हा निघाला. कार्यालयातील सभासद यादीत ती सदनिका सी-३०४ यांच्या नावे आहे, सुरक्षारक्षकांकडील छापील यादीत ए-२०२ यांच्या नावे आहे आणि खजिनदारांच्या एक्सेल फाइलमध्ये ती रिकामी दिसते. तिन्ही याद्या आपल्याच माणसांनी मन लावून केलेल्या आहेत, तेव्हा कोणाकडे बोट न दाखवता कायमचा उपाय सुचवावा. मागच्या सभेत कोणीतरी "डेटाबेस करून टाका" असे म्हणाले होते. तो एक्सेलपेक्षा वेगळा कसा, हे कोणी समजावून सांगेल का?

बी-४०२:
सचिवकाका, मी बरीच वर्षे डेटाबेसवरच काम करते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. येथे चूक कोणाचीच नाही. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहून ठेवली की त्यांपैकी एक ठिकाण आज ना उद्या मागे राहणारच. परस्परांशी संबंधित माहिती ठरलेल्या रचनेत आणि शक्यतो एकाच ठिकाणी अशा रीतीने साठवणे, की ती अनेकांना आपापल्या कामासाठी एकाच वेळी वापरता यावी, याला डेटाबेस म्हणतात. त्या माहितीची राखण करणारी, ती मागितल्यावर शोधून देणारी आणि नियमाबाहेरची नोंद नाकारणारी आज्ञावली म्हणजे डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात डीबीएमएस. बोलताना आपण दोन्हींची गल्लत करतो. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही डीबीएमएसची नावे आहेत. आपल्या सदनिका, सभासद आणि वाहने यांची माहिती हा आपला डेटाबेस असेल. दप्तर आणि दप्तरदार असा तो फरक आहे. दप्तराला परस्पर हात कोणी लावायचा नाही, जे हवे ते दप्तरदाराकडे मागायचे, एवढी शिस्त पाळली की अर्धी भांडणे मिटतात.

ए-१०३:
मी ३८ वर्षे हिशेबाचे काम केले आणि त्यातील शेवटची पंधरा वर्षे एक्सेलवरच काढली. त्यातही नियम घालता येतात, सूत्रे लिहिता येतात, कुलूपही लावता येते. एवढ्याशा कामासाठी नवे अवजार कशाला, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बी-४०२:
काका, एक्सेलबद्दल माझी तक्रार नाही; आकडेमोडीसाठी मीही तेच उघडते. मात्र ते मुळात हिशेबाचे कोरे पान आहे. वाहन क्रमांकाच्या रकान्यात कोणी "नंतर सांगतो" असे लिहिले तरी ते निमूटपणे ठेवून घेते, आणि पानाची मर्यादा संपली तर काय होते याचे उदाहरण तर जगासमोर आहे. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर मोजल्या गेल्या नाहीत, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमधून पुढे जात होती. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात, आणि त्यापलीकडच्या ओळी गळून पडल्या. आपल्याकडे इतक्या ओळी कधीच होणार नाहीत, हे मान्य. आपला त्रास वेगळा आहे आणि तो पानाच्या मांडणीतच आहे.

सुरक्षारक्षकांची यादी पाहा. तिच्यात प्रत्येक ओळीवर वाहन क्रमांक, पार्किंगची जागा, सभासदाचे नाव आणि त्यांचा फोन आहे. ज्यांची दोन वाहने आहेत त्यांचा फोन दोनदा लिहिला आहे, आणि फोन बदलल्यावर एकाच ओळीत दुरुस्ती झाल्याची किमान चार उदाहरणे मला आज सकाळी दहा मिनिटांत सापडली. त्याहून विचित्र प्रकार म्हणजे, एका सभासदांनी गाडी विकली तेव्हा ती ओळ खोडली गेली आणि तिच्याबरोबर त्यांचा फोनही गेला, कारण तो दुसरीकडे कोठे लिहिलेलाच नव्हता. वाहन गेले म्हणून माणूस यादीतून गेला! माहितीची नीट फोड करून प्रत्येक गोष्ट तिच्या हक्काच्या तक्त्यात नेऊन ठेवण्याला नॉर्मलायझेशन म्हणतात, आणि ते नेमके असल्याच घोटाळ्यांसाठी शोधले गेले.

सी-२०१:
ताई, माझ्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत हाच धडा आहे. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ नेमकी ओळखून देणारा रकाना, ही व्याख्या मला पाठ आहे, पण सभासदांच्या टेबलमध्ये, म्हणजे तक्त्यात, मोबाइल क्रमांक हीच प्रायमरी की का करू नये, हे कळत नाही. तो तर प्रत्येकाचा वेगळाच असतो.

बी-४०२:
असतो का, ते आधी तपासून पाहा. आपल्याकडे तीन घरांत पतिपत्नींनी एकच क्रमांक दिला आहे. शिवाय तो बदलतो, आणि प्रायमरी की बदलली की तिच्यावर विसंबलेली प्रत्येक ओळ बदलावी लागते. नावाचेही तसेच, एकाच नावाचे दोन सभासद आपल्याच इमारतीत आहेत आणि त्यांची पत्रे एकमेकांच्या पेटीत पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ज्याला स्वतःचा असा काहीच अर्थ नाही, असा साधा सभासद क्रमांक द्यावा. अर्थ नसलेली गोष्ट बदलण्याचे कारणही सहसा निर्माण होत नाही.

आता मांडणी पाहा. एक टेबल सदनिकांचे, ज्यात सदनिका क्रमांक आणि क्षेत्रफळ असेल. दुसरे सभासदांचे, ज्यात सभासद क्रमांक, नाव आणि फोन असेल. सदनिकेच्या टेबलात "मालक १" आणि "मालक २" असे दोन कॉलम घालण्याचा मोह होईल, पण वारसाहक्काने तिसरा मालक आला की जागा उरत नाही, आणि एकाच व्यक्तीच्या दोन सदनिका असतील तर तिचे नाव पुन्हा दोनदा लिहावे लागते. एका सदनिकेचे अनेक मालक आणि एका मालकाच्या अनेक सदनिका, असे दुहेरी नाते असेल तेव्हा मधे तिसरे टेबल घ्यायचे. त्याच्या प्रत्येक ओळीत एक सदनिका क्रमांक आणि एक सभासद क्रमांक, एवढेच असते. हे दोन्ही क्रमांक तेथे फॉरेन की म्हणून येतात, म्हणजे मूळ टेबलात नसलेल्या सभासदाच्या नावे मालकी नोंदवायला गेलात तर दप्तरदार ती नोंद स्वीकारतच नाही. परीक्षेत चौकोन आणि शंकरपाळीच्या आकाराच्या चौकटींच्या आकृत्या काढायला सांगतात, त्या याच विचाराच्या आहेत. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये ती पद्धत मांडली.

सी-२०१:
आणि हे सगळे टेबलांतच का ठेवायचे? पुस्तकात हायरार्किकल आणि नेटवर्क मॉडेल अशी नावे आहेत, पण ती कोणी वापरताना दिसत नाही.

बी-४०२:
तुझ्या पुस्तकाने तो भाग दोन ओळींत उरकला असेल, पण मला तो सर्वांत आवडतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स बाखमन यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इंटिग्रेटेड डेटा स्टोअर नावाचे डीबीएमएस तयार केले. त्यात एक नोंद दुसरीकडे बोट दाखवते, दुसरी तिसरीकडे, अशा साखळ्या असत; हेच नेटवर्क मॉडेल. आयबीएम कंपनीचे आयएमएस हे डीबीएमएस झाडाच्या फांद्यांसारखे, म्हणजे हायरार्किकल होते आणि ते अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांच्या प्रचंड याद्यांसाठी घडले. दोन्ही उत्तम चालत, परंतु प्रश्न विचारणाऱ्याला माहितीपर्यंतची वाट स्वतः चालावी लागे. बाखमन यांनीच १९७३ च्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या (संगणकशास्त्रातील सर्वोच्च सन्मानाच्या) व्याख्यानात प्रोग्रामरला नाविकाची उपमा दिली होती. सदनिकेवरून मालक शोधण्याची वाट बांधली असेल आणि उद्या कोणी वाहनावरून मालक विचारला, तर नवी वाट खणावी लागे.

आयबीएममधीलच गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधात म्हटले की माहिती साध्या टेबलांत ठेवावी, टेबले परस्परांशी केवळ त्यांतील मूल्यांनी जोडली जावीत, आणि वापरणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगावे. ते कसे शोधायचे, ही यंत्राची जबाबदारी. आज हे सहज वाटते, पण त्या काळी अनेकांना ते अशक्य वाटले, कारण यंत्र स्वतः चांगली वाट निवडेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. १९७४ मध्ये आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या कल्पनेसाठी सीक्वेल नावाची भाषा मांडली. ते नाव दुसऱ्याचे व्यापारचिन्ह निघाल्यामुळे पुढे एसक्यूएल झाले, तरी जुनी माणसे अजून सीक्वेलच म्हणतात. "सिलेक्ट" म्हणजे काय हवे, "फ्रॉम" म्हणजे कोणत्या टेबलातून आणि "व्हेअर" म्हणजे कोणत्या अटीवर, एवढ्या तीन शब्दांवर तुझी निम्मी प्रात्यक्षिके निघतील.

ए-१०३:
हे पटले. आता माझी खरी शंका विचारतो. समजा, जागा १७ सी-३०४ यांच्याकडून काढून ए-२०२ यांना द्यायची आहे. पहिली नोंद खोडली आणि दुसरी लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर ती जागा कोणाचीच उरणार नाही. कागदी वहीत निदान खाडाखोड तरी दिसत असे.

बी-४०२:
काका, या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले समजेल. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा आणि मग खतावणीत चढवायचा, हा तुमचाच रिवाज आहे ना? डीबीएमएस अगदी तेच करते. कोणताही बदल मूळ टेबलाच्या फाइलमध्ये उतरण्याआधी तो लॉग नावाच्या वहीत क्रमाने लिहिला जातो आणि ती वही डिस्कवर पक्की झाल्याशिवाय "काम झाले" असे उत्तर मिळत नाही. वीज परत आली की आधी ही वही वाचली जाते. जो व्यवहार तिच्यात पूर्ण झालेला दिसतो तो टेबलात चढवला जातो. जो अर्धवट आहे तो झालाच नाही असे समजून पुसला जातो. खोडणे आणि लिहिणे या दोन्ही कृती मिळून एक ट्रान्झॅक्शन, त्यामुळे घडल्या तर दोन्ही घडतात, नाही तर एकही नाही. या विषयाचा पाया घालण्यात संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचा मोठा वाटा आहे, आणि या हमींना ॲसिड (ॲटॉमिसिटी, कन्सिस्टन्सी, आयसोलेशन, ड्युरेबिलिटी; म्हणजे अखंडता, सुसंगती, अलगपणा, टिकाऊपणा) हे आद्याक्षरांचे नाव १९८३ मध्ये थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी दिले.

दोघांनी एकाच वेळी काम केले तर आणखी एक घोटाळा होतो. समजा, सचिवकाका आणि खजिनदार यांनी एकाच दिवशी आपापल्या संगणकावर एकाच फाइलची प्रत उघडली, दोघांनाही १७ रिकामी दिसली, दोघांनीही बदल केला आणि ज्याने शेवटी जतन केले त्याची प्रत राहिली. डेटाबेसमध्ये असे दोन व्यवहार एकाच ओळीवर आले की एकाला थांबावे लागते, आणि त्याची पाळी येईपर्यंत जागा भरलेली असेल तर त्याला तसे स्पष्ट कळते.

ए-१०३:
रोजकीर्दीचा दाखला ऐकून समाधान झाले. म्हणजे नवीन पिढीने आमचेच जुने काम यंत्राकडून करून घेतले. आणखी एक विचारतो: थकबाकीच्या रकान्यात काही ठिकाणी शून्य आहे आणि काही ठिकाणी मोकळे आहे. दोन्ही एकच धरायचे का?

बी-४०२:
मुळीच नाही. शून्य म्हणजे देणे नाही, हे आपल्याला माहीत आहे. मोकळे म्हणजे देणे किती, हेच माहीत नाही. डेटाबेसमध्ये या अज्ञानाला नल असे स्वतंत्र नाव आहे, आणि ते भल्याभल्यांना फसवते. सरासरी काढताना नल असलेल्या ओळी मोजल्याच जात नाहीत, आणि नल दुसऱ्या नलच्या बरोबर आहे का असे विचारले तर उत्तर हो किंवा नाही असे येत नाही, "अज्ञात" असे येते. म्हणून जेथे मोकळे चालणार नाही तेथे टेबल बनवतानाच तसा नियम घालावा.

डी-१०५:
माझा प्रश्न छोटा आहे. सगळ्यांची माहिती एकत्र केली तर माझा फोन आणि थकबाकी प्रवेशद्वारावर दिसणार का?

बी-४०२:
दिसू नये, आणि त्याची सोय आहे. सुरक्षारक्षकांसाठी फक्त वाहन, जागा आणि सदनिका दाखवणारा व्ह्यू, म्हणजे टेबलांतील निवडक रकान्यांची खिडकी, बनवता येतो आणि त्यांना तेवढ्याचीच परवानगी देता येते. मात्र अशा परवानग्यांसाठी पोस्टग्रेससारखे सर्व्हरवर, म्हणजे सर्वांची मागणी पुरवणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर, चालणारे डीबीएमएस लागेल.

सी-२०१:
ताई, मी सरावासाठी एसक्यूएलाइटमध्ये चार टेबले करून पाहतो. त्याला सर्व्हर लागत नाही, असे वाचले.

बी-४०२:
जरूर कर. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेले ते छोटे डीबीएमएस आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे; आपण येथे लिहीत असलेले हे संदेशही अँड्रॉइड फोनमध्ये एसक्यूएलाइटच्याच फाइलमध्ये साठतात. त्यात वापरकर्त्यांच्या परवानग्या नाहीत, हे डी-१०५ यांच्या शंकेमुळे लक्षात ठेव. दुसरे म्हणजे, फॉरेन कीची तपासणी तेथे सहसा मुळात बंद असते आणि प्रत्येक जोडणीच्या वेळी ती चालू करावी लागते. आणि बॅकअप घेतलास तर तो उघडूनही बघ. मी पूर्वी जेथे काम करत होते तेथे रोज रात्री बॅकअप होत असे, आणि गरज पडली तेव्हा कळले की चार महिन्यांपासून ती फाइल रिकामी तयार होत होती. ती रात्र मला अजून आठवते.

सी-२०१:
टेबले तयार झाली. पार्किंगच्या टेबलात जागेचा क्रमांक पुन्हा येऊ नये, असा युनिकचा नियम घातला आहे. कार्यालयाची यादी पूर्ण चढली, पण सुरक्षारक्षकांच्या यादीतील ए-२०२ यांची ओळ भरताना "युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड" असा संदेश आला. जागा १७ साठी तो येणार हे ठाऊक होते. तसाच संदेश जागा ९ आणि जागा ३१ साठीही आला आहे, आणि त्यांची तक्रार आजवर कोणीच केलेली नाही.

सचिव:
९ आणि ३१ बद्दल मलाही कल्पना नव्हती. या तीन जागांशी संबंधित सहाही सभासदांनी वाटपाचे पत्र घेऊन रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात यावे. तोपर्यंत कोणीही आपल्या प्रतीत परस्पर दुरुस्ती करू नये, ही विनंती माझ्यासह खजिनदारांनाही लागू आहे.