आईची कमाई : गरज, आवड की 'हातभार'? तुमचे अनुभव लिहा

परवा सोसायटीच्या हळदीकुंकवाला एक मुलगी आली होती, बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झालेली. एका काकूंनी तिला विचारलं, "गरज आहे का गं तुला नोकरीची?" ती काहीच बोलली नाही. हो म्हणावं तर नवऱ्याचं पुरत नाही असा अर्थ निघतो, नाही म्हणावं तर पोराला टाकून मिरवायला जाते असा. मला फार वाईट वाटलं आणि माझी आई आठवली.

आम्ही लालबागच्या चाळीतले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडील घरी बसले. आई लिज्जत पापडची 'बहीण' झाली, तिथे सभासद बायकांना बहीणच म्हणतात. सकाळी शाखेतून मळलेलं पीठ आणायचं, घरी पापड लाटायचे, टोपल्यांवर वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पोचवून किलोच्या हिशोबाने पैसे घ्यायचे. पुढे कितीतरी महिने घरात दुसरा पैसा येत नव्हता. तरी वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "तिचा हातभार लागला." सगळा भार तिच्यावर होता, आणि तरी तो हातभारच. पहिल्या पैशांतून आईने स्वतःला चपला घेतल्या होत्या. हे तिने आम्हाला मागच्या वर्षी सांगितलं, तेही दबक्या आवाजात.

म्हणून हा धागा. तुमच्या घरी आईच्या कमाईला काय म्हणतात? ती कामावर असताना मूल कोणापाशी होतं? नोकरी धरायचं किंवा सोडायचं कोणी ठरवलं? सविस्तर लिहा. कंपन्यांची, माणसांची नावं नकोत. वडिलांनीही लिहा.

ठाणे, खासगी कंपनीत अकाउंट्स

मोठी २०१४ ची. तेव्हा रजा बारा आठवड्यांची. तिला पाळणाघरात ठेवलं तेव्हा तिची मानही नीट धरलेली नव्हती. लोकलमध्ये उभ्याने दूध पाझरायचं, ओढणी पुढे घेऊन उभी राहायचे. २०१७ ला कायदा बदलला, पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाले. धाकटा २०१८ चा, तो माझ्यापाशी सहा महिने राहिला. घर तेच, नवरा तोच, मीही तीच. पण दुसऱ्या वेळी कामावर परतताना मला रडू आलं नाही. आवड की गरज हा प्रश्न मला पहिल्या वेळी छळत होता, दुसऱ्या वेळी नाही. तो चौदा आठवड्यांचा फरक होता.

पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असंही त्याच कायद्यात आहे. आमच्याकडे दोनशेच्या वर माणसं आहेत. पाळणाघर अजून नाही. मागणीचा अर्ज आम्ही चौघींनी मिळून दिलाय.

आणि स्पष्टच लिहिते, नवऱ्याचा पगार आम्हाला पुरला असता. मार्चअखेरीस ताळेबंद जुळतो तेव्हा जो आनंद होतो, त्यासाठी मी जाते.

नागपूर, सध्या घरी

मी सोडली. हिशोब असा मांडला गेला : माझ्या पगारातून पाळणाघर वजा, रिक्षा वजा, पोळ्यांच्या मावशी वजा. उरले साडेचार हजार. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी कशाला जीव काढतेस बेटा?" प्रेमानेच म्हणाल्या. मलाही पटलं. आज पाच वर्षांनी कळतंय की पाळणाघराचा खर्च नवऱ्याच्या पगारातून वजा करून कोणी पाहिलाच नव्हता. मूल दोघांचं, वजाबाकी एकटीच्या पगारात. तेव्हा कोणी अर्धा-अर्धा मांडून दाखवला असता, तर बहुतेक मी नोकरी सोडली नसती.

सातारा जिल्हा, अंगणवाडी सेविका

आम्हाला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. कागदावर आम्ही मानसेवी. तीस पोरांना आहार द्यायचा, वजनं घ्यायची, लसीकरणाच्या दिवशी आयांना घरून बोलावून आणायचं, मोबाईलवर माहिती भरायची. माझं स्वतःचं पोर तेव्हा शेजारच्या आजींकडे असायचं. मालक गेल्यावर हेच पैसे घराचा आधार झाले. ताई, तुमचा हातभार आणि आमचं मानधन, दोन्ही एकाच जातीचे शब्द.

न्यू जर्सी

माझी गोष्ट उलटी आहे. पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. नवऱ्याबरोबर एच-फोर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर इथे आले आणि एका दिवसात कमवायची बंदी झाली. इथे मुलगी झाली. फोनवर सगळे म्हणायचे, "छान, आता मुलीला पूर्ण वेळ देता येईल." मुलीला वेळ द्यायला मला आवडतच होतं. पण तो मी दिलेला नव्हता, व्हिसाने माझ्याकडून काढून घेतला होता. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची एक पायरी मंजूर झाली असेल तर बायकोला वर्क परमिट मागता येऊ लागलं. आमची ती पायरी झालेली होती. कार्ड पोस्टाने आलं त्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन मी किती तरी वेळ पायऱ्यांवर बसून होते. पहिली नोकरी जुन्या कामाच्या दोन इयत्ता खालची मिळाली. घेतली. गरज होती का? भाडं त्याच्या पगारात भागत होतं. तरी मी तिला गरजच म्हणते.

पुणे, एक बाप

बायकोची शिफ्ट रात्रीची, आयसीयूत नर्स आहे. मुलाला रात्री मी झोपवतो. शाळेच्या पालकसभेत मला विचारतात, "आई नाही आल्या?" मी कामावर का जातो, हे मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. बाकी सगळं वर लिहून झालंय.

बीड, जिल्हा परिषद शिक्षिका

माझ्या आईबद्दल लिहिते, ती स्वतः लिहिणार नाही.

आईवडील ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, पण मोजताना ती अर्धा कोयता. दिवाळीआधी मुकादम उचल द्यायचा, ती वडिलांच्या हातात. आई पहाटे तीनला उठायची, अंधारात भाकरी थापायची आणि फडात जायची. माझा भाऊ चार महिन्यांचा होता. बैलगाडीच्या खाली लुगड्याच्या झोळीत तो निजायचा आणि मी, आठ वर्षांची, झोका द्यायला. आई मोळ्यांच्या खेपांमध्ये येऊन त्याला पाजायची. लवकर उरक, खाडा धरतील, असं वडील ओरडायचे. एक दिवस चुकला की उचलीतून पैसे कापले जायचे. भाऊ तापाने फणफणला तेव्हाही ती फडातच होती.

ते वर्ष माझी शाळा बुडाली. पुढच्या वर्षी गावात हंगामी वसतिगृह निघालं. आईने वडिलांशी भांडून मला तिथे ठेवलं. भावाला सांभाळायला कोण, असं ते म्हणत होते. ती म्हणाली, "मी पाठीशी बांधीन." आणि खरंच बांधलं. पाठीवर पोर, डोक्यावर मोळी. आज मी वर्गात उभी राहते तेव्हा ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

हा धागा वाचून काल रात्री तिला विचारलं, "आये, तू गरज म्हणून जायचीस, का कधी तुला आवडलं पण?" मला वाटलं ती हसून सोडून देईल. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तोडीला कोणाला आवडतंय? पण पावसाळ्यात गावात खुरपायला जायचे ना, त्याचे पैसे बाजाराच्या दिवशी माझ्या हातात यायचे. ते मला आवडायचं."