एक बाटली उघड्यावर ठेवायचीच
हिवाळ्यात बाहेर बघण्यासारखं काही नसतं, सगळं झोपलेलं असतं, म्हणून मुलांची निसर्गफेरी वसंतातच काढावी, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय; ते मत मला अजिबात पटत नाही. प्राण्यांच्या पावलांचे ठसे शोधण्याचा उपक्रमही कुणीतरी सुचवलाय, तो छानच आहे. पण ठसे दिसले नाहीत तर मुलं हिरमुसतात. त्याला जोड म्हणून बिळाचा खेळ घ्या. औषधाच्या रिकाम्या छोट्या बाटल्यांत एकाच भांड्यातलं कोमट पाणी भरायचं आणि प्रत्येक गटाला सांगायचं, हा तुमचा प्राणी, याला थंडीपासून वाचवा. कुणी पालापाचोळ्यात पुरतं, कुणी बर्फात, कुणी झाडाच्या ढोलीत. अर्ध्या तासाने थर्मामीटर लावून बघायचं. ओल्या पानांत लपवलेली बाटली बहुधा लवकर गार होते, आणि असं का झालं यावर मुलांची जी चर्चा रंगते ती कुठल्याही धड्यात मिळत नाही.

बर्फ असेल तर आणखी एक करा: हवेचं तापमान घ्या आणि बर्फाखाली जमिनीलगतचंही घ्या. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच असते, त्यामुळे चांगला जाड थर असला की वर कडाक्याची थंडी असतानाही खाली तापमान 0 अंशाच्या आसपास टिकतं. उंदीर-चिचुंद्र्या तिथेच हिवाळा काढतात, जाग्या राहून! फक्त एक बाटली न झाकता उघड्यावर ठेवायला विसरू नका, नाहीतर तुलना कशाशी करणार?