मदत हवी आहे: हिंजवडीत दुसरी पाळी, लेकीच्या राहण्यासाठी वाकड, कर्वेनगर की सिंहगड रस्ता?

लातूरची_आई

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी (वय २२) पुढच्या महिन्यात हिंजवडी फेज ३ मधल्या एका कंपनीत रुजू होतेय. पाळी दुपारी २ ते रात्री ११. आजवर ती घर सोडून कुठे राहिलेली नाही, कॉलेजही लातुरातच झालं. घरभाड्याला दहा-बारा हजारांपर्यंत आमची तयारी आहे. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी पुण्याला जाऊन तीन जागा बघून आलो.

१. वाकड, भूमकर चौकापासून जवळ. दोन मुली आधीपासून राहतात, तिसरी हवी आहे. सोसायटी नवी, फाटकावर वॉचमन. पण मुख्य रस्ता सोडला की फाटकापर्यंत एक बोळ आहे. एका बाजूला बांधकामाचं पत्र्याचं कुंपण, दुसऱ्या बाजूला मोकळा प्लॉट, तिथे पाण्याचे टँकर उभे असतात. आम्ही दुपारी गेलो होतो. बोळात दिव्याचे तीन खांब मी मोजले, पण त्यातले किती लागतात हे दुपारी कसं कळणार?

२. कर्वेनगर. माझ्या मावसबहिणीच्या ओळखीच्या काकूंकडे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने. घरमालकीण खालीच राहते, वस्ती जुनी. माझ्या यजमानांचा ओढा इथे आहे.

३. सिंहगड रस्ता, एकतानगरीच्या बाजूला तळमजल्याचा वन आरके. भाडं सगळ्यात कमी, आणि ती एकटीच राहील.

नातेवाइकांना विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याच भागाचं नाव घेऊन घाबरवतो. बातम्यांत कोयता घेऊन फिरणारी पोरं दिसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या आगारात, उभ्या शिवशाही बसमध्ये पहाटे एका तरुणीवर जो अत्याचार झाला त्यानंतर तर तिला एकटीला एसटीत बसवतानाही माझा जीव वरखाली होतो. पण नोकरी तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवलीय आणि ती सोड असं मी म्हणणार नाही. तुम्ही तिथे राहता, रात्री-अपरात्री येता-जाता. यातला कुठला भाग मुलीला राहायला खरंच सुरक्षित आहे?

वाकडची_रहिवासी

ताई, मी वाकडला सहा वर्षं राहतेय, त्यातली चार दुसऱ्या पाळीत काढली. भूमकर चौकातून फेज ३ पाच-सात किलोमीटर. संध्याकाळी तेच अंतर तासभर खातं, पण रात्री ११ ला रस्ता मोकळा असतो. आमच्याकडे रात्री बारापर्यंत माणसं दिसतात. पाळी सुटून येणाऱ्या मुली, उघडं मेडिकल, अंडाभुर्जीच्या गाड्या. मला त्या वर्दळीचाच आधार वाटतो.

अडचण नेमकी तुम्ही लिहिलीत तीच, चौकापासून फाटकापर्यंतची. माझा स्वतःचा अनुभव सांगते. पहिल्या वर्षी कॅबवाला रोज कोपऱ्यावरच सोडायचा, "मॅडम, आत गाडी वळत नाही" म्हणून. दोनशे पावलांचा रस्ता. एकदा एक बाइक माझ्या चालीने मागे येत राहिली. मी फोन कानाला लावून मोठ्याने वॉचमनचं नाव घेत चालले, तो फाटकाबाहेर आला आणि बाइक वळून गेली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ट्रान्सपोर्टला लेखी मेल टाकली. तेव्हापासून ड्रॉप फाटकाशी. तुम्हाला दाखवलेली जागा याच कसोटीवर तपासा. गाडी फाटकापर्यंत जाते का आणि वॉचमन रात्री जागा असतो का, हे आधी बघा.

जुना_कर्वेनगरकर

वहिनी, चाळीस वर्षं इथे काढली. महर्षी कर्व्यांच्या संस्थेमुळे या भागाला बाहेरगावच्या मुलींची सवय आहे. रात्री एखादी मुलगी चालत आली तर चार खिडक्यांतून बघणारं कोणीतरी असतं. घरमालकीण खाली राहते ही फार मोठी गोष्ट.

तरी तुमच्या मुलीला मी कर्वेनगर सुचवणार नाही. फेज ३ इथून वीसेक किलोमीटर. वारजे, चांदणी चौक, मग हायवे. चांदणी चौकाचा नवा पूल २०२३ मध्ये झाल्यापासून तिथला खोळंबा कमी झाला, हे खरं. पण रात्री ११ ला सुटून ती घरी कधी पोचणार, आणि कंपनीची गाडी इतक्या लांब येणार का? पीएमपीच्या (शहर बसच्या) भरवशावर ती वेळ सोडू नका. घराभोवती कितीही चांगली वस्ती असली तरी रोज रात्रीचा तासाभराचा हायवे तिच्या वाट्याला येईल.

मुठाकाठ

तिसऱ्या जागेबद्दल फक्त एवढंच: तळमजला घेऊ नका. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत लोक पहाटे जागे झाले ते घरात पाणी शिरल्यावर. आमच्या पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. शेजारच्या आजींना आम्ही खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं, खाली त्यांचा फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. त्याच दिवशी डेक्कनला नदीपात्राजवळ तिघांचा विजेचा धक्का बसून जीव गेला.

सुरक्षित म्हटलं की सगळे चोर-गुंडांचाच विचार करतात. या शहरात पाण्यानेही माणसं मारलीत. १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वर-सहकारनगरच्या बाजूला भिंती कोसळल्या, शहरात वीसहून जास्त माणसं गेली. जागा कुठलीही घ्या, नदी-ओढा किती लांब आहे हे शेजाऱ्यांना विचारा. एजंट सांगणार नाही.

बिबवेवाडीकर

वाकड सुरक्षित म्हणणाऱ्यांनी जरा बातम्या वाचाव्यात. तिकडेही गाड्या फोडणारी टोळकी आहेतच. पेठांत किंवा कोथरूडला ठेवा, घरंदाज वस्ती आहे.

वाकडची_रहिवासी

दादा, टोळकी आहेत हे मी नाकारत नाही. पण तसं बघितलं तर तुमच्या भागाचंही नाव बातम्यांत येतं, आणि तरी तुम्ही तिथे सुखाने राहताच ना? गाड्यांची तोडफोड बहुतेक वेळा त्यांच्या आपापसातल्या वैरातून, दहशत बसवायला होते. म्हणून ती क्षुल्लक ठरत नाही. पण रोज रात्री ११ ला घरी येणाऱ्या मुलीसमोरचा प्रश्न वेगळा आहे. "घरंदाज वस्ती" म्हणून ती रात्री कोथरूडपर्यंत पोचणार कशी, ते सांगा.

वकीलकाकू

लातूरच्या ताई, एक गोष्ट हक्काने मागा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंत तिला पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. कोपऱ्यावर सोडणं त्यात बसत नाही. रुजू होण्याआधीच एचआरला मेल करून विचारा: ड्रॉप कुठपर्यंत, गाडीत गार्ड असतो का, सगळ्यात शेवटी उतरणारी मुलगी तर नसेल ना? पुण्यात २००७ मध्ये एका बीपीओतल्या मुलीचा बळी कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकानेच, साथीदाराला बरोबर घेऊन, घेतला होता. म्हणून "कॅब आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच हवा, तो करून देणं घरमालकाची जबाबदारी आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही जाऊ द्या. वाकड-हिंजवडी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतं, पुणे शहराच्या नाही, हे लक्षात असू द्या. जवळच्या ठाण्याचा नंबर त्याप्रमाणे घ्या. ११२ मात्र दोन्हीकडे चालतो.

लातूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून शनिवारी पुन्हा गेलो, या वेळी यजमानही होते. रात्री सव्वाअकराला भूमकर चौकात रिक्षातून उतरलो आणि त्या बोळातून तिघं चालत गेलो. तीन खांबांपैकी एकच दिवा लागत होता, तोही फाटकाजवळचा. टँकरच्या मागे कोण उभं आहे ते दहा पावलांवरूनही दिसत नव्हतं. लेक काही बोलली नाही, पण तिने माझं मनगट धरलं होतं, आणि ते फाटकाच्या आत गेल्यावरच सोडलं.

ती जागा सोडली. त्याच दोन मुलींनी त्यांच्या मैत्रिणींचा फ्लॅट सुचवला. वाकडलाच, दुसरा मजला, फाटक थेट मोठ्या रस्त्यावर, समोर रात्रभर उघडं मेडिकल. भाडं दीड हजाराने जास्त, पण आमच्या बारा हजारांत बसतं. जवळपास ओढा नाही, हे खालच्या किराणावाल्यांकडून आणि इस्त्रीवाल्या मावशींकडून, दोघांकडून विचारून घेतलं. एचआरचं उत्तर आलंय: ड्रॉप फाटकापर्यंत, आणि शेवटी उतरणारी मुलगी असेल तर गार्ड सोबत. ते तिने छापून पाकिटात ठेवलंय.

आता एकच विचारायचंय. रविवारी रात्री लातूरहून निघालं की गाडी पुण्यात पहाटे चार-साडेचारला पोचते. त्या वेळी वाकडला जायला तिने स्टँडवर उजाडेपर्यंत थांबावं, की हायवेवर वाकडलाच उतरवणारी एखादी बस आहे? कोणी त्या मार्गाने येत-जात असेल तर सांगा.