मदत हवी आहे : रात्रीचा मोबाईल आपोआप बंद कसा करायचा? (तातडीचं)

विश्रामबागवाली :
नमस्कार. घरात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल चालू असतो. व्हिडिओवर व्हिडिओ, आवाज फुल्ल. सकाळी डोळे लाल, चिडचिड, जेवणात लक्ष नाही. गोळी घेतली का विचारलं तर आपल्यावरच डाफरायचं. समजावून झालं, रागावून झालं, मोबाईल लपवूनही झाला, त्यावरून घरात अबोला. ठरावीक वेळेनंतर व्हिडिओ बंद होतील असं काही सेटिंग असतं का? उपदेश नको, सेटिंग सांगा. आज रात्रीच करायचं आहे.

वायरमन :
फॅमिली लिंक टाका. गुगलचं आहे, फुकट आहे. तुमच्या फोनवरून त्याचा फोन नऊला लॉक. आमच्या पोराला असंच सरळ केलंय. विषय संपला.

काकू_ऑनलाइन :
कितवीला आहे? दहावी असेल तर आत्ताच आवरा. माझ्या भाच्याचं बारावीचं वर्ष या रील्सनी खाल्लं. आणि आधी निळ्या काचेचा चष्मा करून घ्या, डोळे लाल त्यानंच होतात.

कडेगावचा_गडी :
ताई, आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव हाय. तिथं 15 ऑगस्ट 2022 पासनं रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतोय. भोंगा झाला की मोबाईल, टीव्ही सगळं बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचत न्हाईतर गप्पा मारत. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळं. लई गाजलं ते. सांगलीनं पण असंच करायला पाहिजे.

वायरमन :
विश्रामबागेत भोंगा वाजवला तर लोक पूर आला म्हणून सामान गच्चीवर नेतील.

कडेगावचा_गडी :
चेष्टा करू नका राव. भोंग्यानं काय होत न्हाई, सगळ्यांनी एकदम ठेवला म्हणून ठेवला जातोय. एकट्याला ठेव म्हटलं की राग येणारच.

झणझणीत_सातारी :
आमच्याकडं पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणाऱ्याला रात्री दहाला आपोआप झोप येते. सांगलीत चढायला आहे काय? आयर्विन पुलाचा चढ?

मिरजेची_सिस्टर :
काकू, त्या चष्म्यावर पैसे घालवू नका. 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने त्यावरचे अभ्यास एकत्र तपासले. स्क्रीनमुळे डोळ्यांवर येणारा ताण निदान थोड्या काळात तरी त्या काचांनी कमी होत नाही, असंच निघालं. टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, त्यात झोप नाही. लाल होणारच.

शांत_डोकं :
मूळ प्रश्नात काहीच माहिती नाही. मोबाईल कोणाचा? वय किती? कोणतं ॲप? घरचं वायफाय की स्वतःचं सिम? गोळी कसली? एवढं सांगा, मग सेटिंग.

विश्रामबागवाली :
मुलगा कुठून आला मध्येच? तो पुण्याला हॉस्टेलवर असतो, त्याचं त्याला बघू दे. मी अण्णांबद्दल विचारतेय. वय 71. फोन साधा ॲन्ड्रॉइड. स्वतःचं सिम, रोजचा दोन जीबी डेटा.

वायरमन :
अण्णा म्हणजे?

विश्रामबागवाली :
सासरे. अजून कोण असणार!

काकू_ऑनलाइन :
अगं बाई. मग आधी सांगायचं की. मी आपली दहावीचं घेऊन बसले.

शांत_डोकं :
मग फॅमिली लिंक बाद. ते मुलांच्या खात्यासाठी असतं, 71 वर्षांच्या माणसाच्या खात्याला लागत नाही.

वायरमन :
लागतं की. नवीन खातं काढायचं, जन्मसाल 2014 टाकायचं.

शांत_डोकं :
आणि त्यांचं पेन्शन, बँकेचं ॲप, इतक्या वर्षांचे फोन नंबर? सगळं जुन्या खात्यावर आहे. सासऱ्यांना नातवाच्या वयाचं करून टाकाल तर घरात महाभारत होईल.

वायरमन :
मग रिचार्ज करू नका. पॅक संपला की प्रश्न मिटला.

काकू_ऑनलाइन :
म्हाताऱ्या माणसाचा फोन बंद पाडायचा? रात्री-अपरात्री काही झालं तर? आज तुम्ही अण्णांचा रिचार्ज बंद करा, उद्या तुमची सून तुमचा करेल.

विश्रामबागवाली :
काकू, म्हणूनच सेटिंग विचारलं होतं. उपदेश नको म्हणून पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

शांत_डोकं :
घ्या सेटिंग. फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' शोधा. तिथे एकेका ॲपला टायमर लावता येतो, वेळ संपली की ॲप त्या दिवसापुरतं उघडत नाही. पण एक गोम आहे. हा टायमर रात्री बारा वाजता नव्याने सुरू होतो. तासाचा लावलात तर बाराला आणखी एक तास मिळणार. म्हणून त्यासोबत तिथलाच 'बेडटाइम मोड' दहापासून लावा. स्क्रीन काळी-पांढरी होते, नोटिफिकेशन गप्प. रंग गेला की व्हिडिओतली मजा बरीच जाते. मात्र हे दोन्ही त्यांना हवं तेव्हा काढता येतं. त्यांना विचारूनच लावा, चोरून लावलंत तर फोनच बिघडला म्हणून दुकानात नेतील.

वायरमन :
यूट्यूबमध्ये वॉच हिस्ट्री बंद करून जुनी पुसून टाका. मग होमवर काही सुचवतच नाही, पान रिकामं. आपोआप पुढचा व्हिडिओ लागतो तेही बंद करा. हे काढायचं कसं ते अण्णांना सापडणार नाही, पैज.

मिरजेची_सिस्टर :
सेटिंगच्या आधी एक सांगा. बघत बसल्यामुळे झोप जाते, की झोप येत नाही म्हणून बघत बसतात? दोन्हींचे उपाय वेगळे. आणि आवाज फुल्ल म्हणजे ऐकू कमी येत असेल, कान तपासलेत का? गोळी कोणती तेही सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. ती रात्री घेतली तर माणूस मध्येच उठतो आणि उठल्यावर हात मोबाईलकडे जातो. वेळ डॉक्टरांना विचारून बदला, आपल्या मनाने नको.

काकू_ऑनलाइन :
याला व्यसनच म्हणतात आता. डब्ल्यूएचओने पण आजारांच्या यादीत घातलंय.

मिरजेची_सिस्टर :
यादीत गेमिंगचा विकार आहे, 2022 पासून लागू. रील्स बघण्याला तिथे वेगळं नाव नाही. उगाच अण्णांना व्यसनी ठरवू नका.

विश्रामबागवाली :
आधीही बघायचे, पण सासूबाई होत्या तोवर दहाला दिवा बंद. त्या मागच्या दिवाळीत गेल्या. सुरुवात हळदीच्या भावांपासून होते. मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते आयुष्यभर. भाव बघून झाले की काय वाट्टेल ते लागतं, बुवाबाजी, आजारावरचे उपाय, भांडणं. मग सकाळी मला सांगतात, दुधीचा रस पी.

कडेगावचा_गडी :
कडू दुधीचा रस अजिबात पिऊ नका ताई, त्यानं माणसं दगावल्यात. आणि अण्णांना सौद्याच्या वेळेला यार्डात धाडा की. हळदीचा हंगाम असंल तर ओळखीचं कोण ना कोण भेटतंयच. माणूस रिकामा झालाय, मोबाईलचा दोष न्हाई.

वायरमन :
आमच्या शेजारचे दिवसभर कट्ट्यावर असतात आणि रात्री पण मोबाईल. रिकामपणाचं काही नाही.

मिरजेची_सिस्टर :
सासूबाई गेल्यानंतर जेवणावरचं लक्ष उडालंय, झोप गेलीय, चिडचिड आहे. हे नुसतं मोबाईलचं म्हणून सोडू नका. डॉक्टरांना हेही सांगा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीत बोलतात. आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालतं.

झणझणीत_सातारी :
यार्डातून येताना भडंग आणायला सांगा. पेढे मात्र साताऱ्याचेच.

विश्रामबागवाली :
वायरमन, यूट्यूबची हिस्ट्री बंद केली, काही फरक नाही. ते बघतात फेसबुकवर.

वायरमन :
ताई!!

शांत_डोकं :
टायमर फेसबुकलाही लागतो. तेच करा, बेडटाइमसकट.

मिरजेची_सिस्टर :
कान तपासायला कधी नेताय? आणि गोळीचं नाव अजून आलेलं नाही.

विश्रामबागवाली :
पांढरी आहे. छोटी. रात्री जेवण झाल्यावरची.