बोंडअळी आणि आजी, दोघींसाठी एकच मॅन्युअल मॅक्रो लेन्स?

कपाशीवाला (मानवत, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. कॅमेऱ्यातलं मला फार कळत नाही, कपाशीतलं थोडं कळतं. मानवतला कृषी सेवा केंद्र आहे माझं. हंगामात शेतकरी खिशातून बोंड काढून काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "बगा बरं, कशानं झालंय." मी फोटो काढून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, म्हणजे एकाच्या वावरात जे निघालं ते बाकीच्यांना आपापल्या वावरात शोधता येतं. डोमकळीचा (अळीनं पाकळ्या चिकटवून बंद केलेल्या फुलाचा) फोटो मोबाइलवर झकास येतो. पण बोंड फोडल्यावर सरकीत तोंड खुपसून बसलेली गुलाबी अळी काही केल्या येत नाही. मोबाइल जवळ नेला की त्याचीच सावली पडते आणि फोकस होतो माझ्या अंगठ्यावर.

घरात निकॉन डी५६०० पडून आहे, सोबत आलेली १८-५५ एएफ-पी लेन्स. शहाणपणा करून ऑनलाइन स्वस्तातल्या एक्स्टेन्शन रिंगा मागवल्या, जवळचं मोठं दिसावं म्हणून कॅमेरा आणि लेन्सच्या मधी लावायच्या त्या पोकळ रिंगा. लावल्या तर समोर अंधार, आणि फोकसची रिंग कितीही फिरवा, काही फरक पडंना. कॅमेराच गेला की काय म्हणून घाम फुटला.

दुसरं काम आजीचं. ८४ वर्षांची आहे. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे, आता राखाडी पडलंय. त्या गोंदणाचा जवळून एक आणि आख्ख्या चेहऱ्याचा एक, असे दोन फोटो मोठे करून भिंतीला लावायचेत. तिच्या वयाची माणसं दुकानात रोज येतात, जमलं तर त्यांचेही काढीन म्हणतो. दुकान दहा बाय बारा, मधी काउंटर.

१५ हजारांच्या आत बसवायचंय, जुनी चालेल. डोळ्यापुढं दोन आहेत: निकॉनच्याच मॅक्रो, म्हणजे जवळून फोटो काढायच्या लेन्स, मायक्रो-निक्कॉर ५५ मिमी एफ/२.८ आणि १०५ मिमी एफ/२.८, दोन्ही जुन्या एआय-एस जातीच्या, हाताने फोकस करायच्या. दोन्ही १:२ पर्यंतच जातात, म्हणजे वस्तू सेन्सरवर खरीच्या निम्मी पडते. एक मित्र म्हणतो, १:१ नाही ती मॅक्रो कसली, लाओवाची ६० घे, ती २:१ जाते. काय करू?

जुनी_काच (छत्रपती संभाजीनगर)

भाऊ, आधी घाम पुसा. कॅमेरा ठणठणीत आहे. तुमच्या लेन्सला ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणारं पातं उघडायची, रिंग नाही, ते पातं कॅमेरा आतल्या खिट्टीनं उघडतो. स्वस्त रिंगांमध्ये ती खिट्टी नसते, मग पातं पार मिटून राहतं. म्हणून अंधार. आणि एएफ-पी लेन्सचं फोकस विजेवर चालतं, रिंगांना संपर्कबिंदू नाहीत, म्हणून ते हललं नाही. रिंगा फेकू नका, पुढं लागतील.

आता १:१ चं. तुमच्या सेन्सरची रुंदी २३.५ मिमी, त्यावर ६००० पिक्सेल. पूर्ण वाढलेली बोंडअळी साधारण १२ मिमी धरा. १:२ वर ती सेन्सरवर ६ मिमी पडते, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत दीड हजार पिक्सेल. व्हॉट्सॲपला याहून जास्त काय करायचंय? उलट १:१ ला गेलात तर ॲपर्चर एफ/८ पर्यंत मिटवूनसुद्धा पाऊण मिलिमीटरही खोली नेटकी येत नाही. पाठ साफ आली तर डोकं गेलं. वर दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे पावच उरतो, तो वेगळाच. फुलकिड्यांसाठी म्हणाल तर तो एक मिलिमीटरचा जीव, १:१ वर जेमतेम अडीचशे पिक्सेल. तिथं लाओवा खरी कामाची. पण फुलकिडे ओळखायला तुमच्याकडं भिंग असेलच की.

खरा प्रश्न तुमच्या दुकानाचा आहे, आणि तो तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात. उभ्या चौकटीत डोकं-खांदे बसवायचे तर या कॅमेऱ्यावर १०५ ला साधारण साडेदहा फूट मागं सरकावं लागेल. दहा बाय बाराच्या दुकानात, मधी काउंटर! पाठ शटरला टेकून फोटो काढायचा का रस्त्यावर उभं राहून? ५५ ला साडेपाच फुटांत काम होतं. सगळे "पोर्ट्रेटला १०५च" म्हणतात ते फुल फ्रेमवाले, म्हणजे तुमच्याहून मोठ्या सेन्सरचे. त्यांना ८५ जशी दिसते तशी तुम्हाला ५५ दिसते. मागचं १०५ जास्त पुसते हे खरं, पण तुमच्या मागं खताच्या पोत्यांची थप्पी आहे, ती थोडी दिसली तर मला तरी चालेल.

१०५ ची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. उडणारं, बुजणारं काही असेल तर तीच घ्यावी. १:२ वर तिचं अंतर सेन्सरपासून ४१ सेंमी, ५५ चं फक्त २५. त्यातली लेन्सची लांबी वजा केली की पुढं वीतभरही उरत नाही. पण तुमची अळी बोंडात बसलेली आहे, ती कुठं जातेय?

मॅन्युअल फोकसची धास्ती घेऊ नका. मॅक्रोत रिंग एका जागी ठेवायची आणि आपण पुढंमागं डुलायचं, श्वास सोडता सोडता दाबायचं. त्रास होतो तो चेहऱ्याला. मॅक्रो लेन्सची रिंग जवळच्या अंतराला भरपूर फिरते आणि दीड मीटरच्या पुढं सगळं चिमूटभर फिरण्यात उरकते. लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या पडद्यावर, चित्र मोठं करून फोकस पापणीच्या केसावर लावा, एफ/४ ठेवा. आजी हलणार नाहीत, नातू हलला असता.

एक कटकट मात्र आहे. डी५६०० वर या लेन्सला उजेड मोजायचं मीटर चालत नाही. एम (मॅन्युअल) मोडवरच शटर सुटतं, उजेड अंदाजानं लावायचा, पडद्यावर बघायचं, परत काढायचं. दोन दिवसांत हात बसतो. कुणी दुकानदार "सगळ्या मोडवर चालते" म्हणाला तर तिथून उठा.

अंबाजोगाईची

काच दादांचं गणित बरोबर असेल, पण पहिल्याच झटक्याला माणसाला एम मोडमध्ये कशाला ढकलता? मी रेनॉक्सची डीसीआर-२५० वापरते, ते लेन्सपुढं लावायचं भिंग आहे. लेन्सच्या तोंडावर चिमट्यानं बसते, ८ डायॉप्टरची (चष्म्याच्या नंबरासारखी ताकद) आहे. १८-५५ ला ५५ वर लावली तरी ०.४४ पट मिळतं, म्हणजे जवळपास तुमचं ते १:२च. ऑटोफोकस चालू, मीटर चालू, घाम नाही.

आणि वावरात वारं असतं हे कुणी बोलतच नाही! डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरायचा आणि त्याच हातावर लेन्स टेकवायची. हललं तर दोन्ही मिळून हलतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअलवर पाव ताकदीला, शटर १/२००, एफ/११. फ्लॅशपुढं बटरपेपर लावा, नाहीतर अळी मेणाची दिसते.

कपाशीवाला

ताई, देठाची युक्ती आजच करून बघतो. पण आजीचं काय? १८-५५ ला ५५ वर एफ/५.६ च मिळतं आणि दुकानात एकच ट्यूबलाइट, तीबी फडफडती.

अंबाजोगाईची

चेहऱ्यापुरतं हरले. आजींना दारात बसवा, सकाळी.

तुरीचं_वावर (औसा)

५५ घेणार असाल तर माझ्यासारखे फसू नका. मी हीच लेन्स एका शहरातल्या दुकानातून घेतली, काच आरशासारखी, बुरशीचा ठिपका नाही. हिवाळाभर छान चालली. एप्रिलमध्ये सगळे फोटो पांढरे फटक यायला लागले. आतलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर आलं होतं. पाती चिकटली, वेळेवर मिटंनात. दुकानदार म्हणाला, "उन्हाळ्यात असंच होतं." घेताना नाही सांगितलं ते.

या लेन्सचं हे दुखणं जुनंच आहे. घेताना एफ/१६ ला लावा, मागची खिट्टी नखानं ओढून सोडा. पाती टचकन मिटली पाहिजेत. हळू आली किंवा पात्यांवर तेलाची चकाकी दिसली तर भाव निम्मा करा नाहीतर ठेवून या. आणि मे महिन्यात गाडीत ठेवू नका.

जुनी_काच

हे मीच लिहायला हवं होतं. बुरशीसाठी मागून मोबाइलचा टॉर्च मारूनही बघा. १:१ लागलंच कधी तर त्या फसलेल्या रिंगा लावा, एकूण २७.५ मिमीच्या आसपास जाडी जमली की झालं. ५५ ला ॲपर्चरची रिंग आहे, अंधाराचं कोडं पडणार नाही. उघड्यावर फोकस करायचं, मग रिंग मिटवायची.

कपाशीवाला

घेतली ५५. परभणीत एका वयस्कर फोटोग्राफर काकांकडं मिळाली. खिट्टी त्यांच्यासमोरच नखानं ओढली, तर काका हसले, म्हणाले कुणीतरी शिकवून पाठवलेलं दिसतंय. पाती टचकन मिटली.

पहिले तीस-चाळीस फोटो काळे नाहीतर पांढरे. मग जमलं. बोंड फोडून काउंटरवर ठेवलं, देठ बोटांत धरला. अळीच्या अंगावरचे गुलाबी पट्टे आणि तिच्या मागची विष्ठासुद्धा मोजता येईल असा फोटो आला. ग्रुपवर टाकला तर दोघं संध्याकाळी कामगंध सापळे (अळीचे नर पतंग धरायचे) घेऊन गेले.

आजीला सकाळी दारात बसवलं, पदर सारखा करायलाच दहा मिनिटं गेली. एफ/४ वर पापणी साधली, पण पाचातले तीन फोटो कानावर फोकस. गोंदणाचा मात्र एका दमात आला. पडद्यावर मोठा करून दाखवला. बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हे तिसरं ठिपकं वाकडं टोचलंय की त्या बाईनं. इतकी वर्षं आरशात बघते, कधी दिसलं नाही."