एअरबॉक्स काढला की गाडी पळते म्हणे!

चेन_ल्यूब
परवा बाइकवाल्यांच्या एका ग्रुपवर बिबवेवाडीच्या एका पोराची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. पठ्ठ्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या ६५० ट्विनचा (दोन सिलिंडरची गाडी) एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, काढून टाकला, दोन्ही थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारे भाग) आतून पॉलिश पेपरने घासून "आरशासारख्या" केल्या आणि त्यांना दोन कोन फिल्टर, म्हणजे उघडे शंकूसारखे फिल्टर, अडकवले. वर सल्ला: "कंपनी गाडीचा गळा आवळून देते, तो मोकळा करा. ट्यूनिंगची भानगड नको, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आपोआप शिकतो." खाली पोरं रांगेने विचारतायत, भावा फिल्टरची लिंक दे. तिथे बोललो तर हाकलतील, म्हणून इथे.

ईसीएम शिकतो, पण कुठे? आपल्या गाड्यांचा ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड. मिश्रण १४.७ च्या (एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच त्याला कळतं. एका लयीत, पाव थ्रॉटलवर चाललात तर तो चूक सुधारत राहतो. पूर्ण पिळलंत की ईसीएम त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, आधीच भरून ठेवलेल्या मॅपप्रमाणे पेट्रोल सोडतो. तिथे मिश्रण साडेबारा-तेराच्या आसपास, म्हणजे पेट्रोल जास्त, हवं असतं. म्हणजे हवा वाढल्याचा दावा जिथे आहे, नेमकी तिथेच शाळा बंद.

दुसरं, एअरबॉक्स हा काही रिकामा डबा नव्हे. इंजिन हवा सलग ओढत नाही, घोट घेतं. सात हजार आरपीएमला एका सिलिंडरचे सेकंदाला अठ्ठावन्न घोट होतात. त्या धक्क्यांच्या लाटा बॉक्समध्ये उलटसुलट फिरतात आणि बॉक्सचं आकारमान, नळीची लांबी अशी ठेवलेली असते की रोजच्या वापराच्या आरपीएमला त्या लाटा हवा आत ढकलायला मदत करतील. ते काढलंत की स्वारगेट ते कात्रज जिथे गाडी चालवायची, तिथलीच ताकद जाते. शिवाय ते कोन फिल्टर इंजिनाच्या मागे, सीटखाली गरम हवा ओढतात. दहा अंशांनी हवा तापली की घनता तीन टक्क्यांनी उतरते. मग गाडी पळाल्यासारखी का वाटते? आवाजामुळे. बुडाच्या डायनोचं (डायनो म्हणजे ताकद मोजायचं यंत्र) रीडिंग कानाने घेतलेलं असतं.

आणि थ्रॉटल बॉडीला पॉलिश पेपर? बटरफ्लाय (आतली फिरणारी चकती) आणि बोअर (तिच्याभोवतीची नळी) यांच्यामधली ती बारीक फट, त्यावर आयडलची, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरची, हवा ठरते. दोन बॉडी दोन हातांनी घासल्यावर दोन्हीकडे फट सारखी राहिली असेल, हे कोण सांगणार?

पाना_बारा
आले उपदेशक काका. गाडी त्याची, पैसे त्याचे, पार्किंग त्याचं. तुमच्या पोटात का दुखतं?

कंपनी गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) ठेवते ती काही इंजिनाच्या मायेने नाही, बीएस-६ चा, म्हणजे प्रदूषण नियमांचा, पेपर पास व्हायला. एप्रिल २०२० नंतरची कुठलीही गाडी घ्या, कमी आरपीएमला अडखळते, उष्णता मांडीला लागते. आधीच्या मॉडेलवर बसलेल्याला हे सांगावं लागत नाही.

आणि घरी केलं तर बिघडतं, सर्व्हिस सेंटरात नाही? माझी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरातून आली आणि वर ओढेचना. दोन फेऱ्या मारल्या, "सर, पेट्रोल खराब असेल" हेच उत्तर. शेवटी घरी एअरबॉक्स उघडला तर आत हात पुसायची चिंधी! फिल्टरच्या स्वच्छ बाजूला! बिलात "एअर फिल्टर क्लीनिंग" लावलेलं होतं, हे विशेष. त्या दिवसापासून माझ्या गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. पोरगं निदान बोल्ट उघडायला शिकलं. तुम्ही काय शिकवलंत?

चेन_ल्यूब
@पाना_बारा, चिंधी निघाली म्हणून एअरबॉक्सच टाकून द्यायचा, हे तर्कशास्त्र कुठल्या कॉलेजात शिकवतात? बोल्ट उघडण्याला माझा विरोध नाही, मीही उघडतो. "ट्यूनिंगची गरज नाही" हे वाक्य लिहिण्याला आहे.

चाकणची_लेक
इंजिनाचे सुटे भाग तपासण्यात माझी नोकरी जाते, म्हणून थोडं.

धागाकर्त्यांचं १४.७ शुद्ध पेट्रोलसाठी ठीक. सेन्सर गुणोत्तर मोजत नाही, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरलाय की नाही ते बघतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिळतं, त्याचा समतोल साडेतेराच्या आसपास येतो. तुमचा मुद्दा चुकत नाही, उलट घट्ट होतो: क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे ईसीएम सेन्सरचं ऐकत असतो तेव्हा, हा फरक भरून निघतो, पूर्ण थ्रॉटलला निघत नाही. मॅप जुन्या पेट्रोलवर बेतलेला असेल तर तिथे गाडी आधीच लीनकडे झुकलेली असते. त्यात हा मुलगा आणखी हवा सोडतोय.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कंपनीची दलाल म्हणाल. ज्या गाड्यांत मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे फिल्टर थोडा मोकळा झाला तर ईसीएमला काही अंशी कळतं. नुसता चांगला पॅनेल फिल्टर बदलला म्हणून कोणाचं इंजिन जळत नाही. अख्खा बॉक्स काढणं ही वेगळी गोष्ट, कारण मॅपमधले आकडेच त्या बॉक्सवर बेतलेले असतात.

पॉलिश पेपरबद्दल मात्र हात जोडते. बऱ्याच थ्रॉटल बॉडींना बटरफ्लायच्या कडेशी कारखान्यात काळसर लेप दिलेला असतो. लोकांना ती काजळी वाटते आणि कार्ब क्लीनर मारून खरवडून काढतात. मग आयडल डोलतं. मग रंग लावून सील केलेला स्टॉप स्क्रू फिरवतात, तो फिरला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा शून्यच हलतो. पुढचं सगळं निदान बोंबललं.

चेन_ल्यूब
ताई, पॅनेल फिल्टरचं मान्य. घ्या, पाना_बारा यांना साजरं करायला एक फिल्टर मिळाला.

जुनी_यामाहा
म्हणून म्हणतो, कार्ब्युरेटर. मेन जेट बदला, नीडलची क्लिप एक खाच खाली, प्लगचा रंग बघा, चहा प्या. आरएक्स १०० ला अठ्ठ्याण्णव सीसीच होते, पण सिंहगडाच्या चढाला आमच्या मागे कोण यायचं? नाना पेठेत जेट मुठीने मिळायचे. आता पेट्रोल किती सोडायचं ते विचारायला लॅपटॉप लागतो.

मायलेज_रडगाणं
ताईंनी इथेनॉल काढलंच आहे तर बोलतो. मूळ रोग तोच आहे. फिल्टर-बिल्टर सोडा. माझी जुनी १५० पूर्वी लिटरला जे द्यायची ते आता देत नाही. कार्बचा फ्लोट बाऊल उघडला तर तळाशी पांढरं काहीतरी साचलेलं, पेट्रोलच्या नळीला चिरा. पंपावर साधं पेट्रोल मागायची सोय नाही. दर मात्र तोच. ई२० नावाखाली आपल्याला उसाचा रस पाजतायत आणि वर देशसेवा म्हणायची.

फडातला
तोंड सांभाळून. आमच्या घरी ऊस आहे, शिरूरकडे. "उसाचा रस" म्हणून खिल्ली उडवणाऱ्यांनी थकलेल्या बिलासाठी कारखान्याच्या गेटवर एकदा उभं राहून बघावं. कायद्याने एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव) चौदा दिवसांत द्यायची, कधी मिळायची ते आमच्या वडिलांना विचारा. इथेनॉलचे पैसे कारखान्याकडे साखरेपेक्षा लवकर येतात, म्हणून आम्हाला वेळेवर मिळायला लागले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर लगाम घातला तेव्हा तुमच्यातलं कोण बोललं? कोणी नाही. इथेनॉल मक्यापासून पण होतं, तुटक्या तांदळापासून पण होतं. शिवी मात्र उसालाच.

मायलेज_रडगाणं
दादा, तुमच्या बिलाशी माझं भांडण नाही. पण ते बिल माझ्या टाकीतून का जावं? इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा. म्हणजे वीस टक्के मिसळल्यावर लिटरमागे सहा-सात टक्के गेली, हे साधं गणित आहे. मग दर सहा टक्क्यांनी कमी करा!

पाना_बारा
करेक्ट. आणि तेवढ्या उसाला पाणी कोण देतं? मराठवाड्यात टँकर आणि इकडे फडाला पाट.

फडातला
ठिबक बघितलंय का कधी? का फक्त टपरीवरच्या वर्तमानपत्रात? पुणेकर खडकवासल्याच्या पाण्याने गाड्या धुणार आणि आम्हाला पाण्याचा हिशेब मागणार!

चेन_ल्यूब
धागा थ्रॉटल बॉडीचा आहे हो.

मायलेज_रडगाणं
तुमच्या थ्रॉटल बॉडीतून काय जातं? तेच ना?

चाकणची_लेक
थोडं शांतपणे. ऊर्जा कमी हे खरं. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त आणि आत थंडावाही जास्त, हेही खरं. ज्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो आणि टायमिंग त्याप्रमाणे ठेवलंय, तिथे तोटा थोडा भरून निघतो. जुन्या कार्बच्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. नळ्या आणि रबराचं म्हणाल तर २०२३ च्या एप्रिलपासूनच्या गाड्या त्या हिशेबाने बनतात. आधीच्यांना पेट्रोलची नळी आणि फ्लोटचं ओ-रिंग बदलून घ्या. भाव काय असावा, ते माझ्या टेबलावर येत नाही.

फडातला
निदान एकजण अभ्यास करून बोलतंय.

मायलेज_रडगाणं
म्हणजे माझं बरोबर निघालं.

फडातला
तुमचं "काहीतरी पांढरं" बरोबर निघालं.

आरटीओ_रिटर्न
कोणीच कायद्याचं बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२अ आलं: मालकाने परवानगी नसलेले भाग बसवले तर दर बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला कोन फिल्टरचा फोटो सापडला तर क्लेमवेळी काय होईल, ते तुम्हीच विचार करा. तोही स्वतःच ग्रुपवर टाकलेला फोटो!

पाना_बारा
वा! कात्रज-कोंढवा रस्त्यावर वर्षानुवर्षं धूळ खायला घालणाऱ्यांना कलम नाही, फिल्टर बदलणाऱ्याला सहा महिने.

चेन_ल्यूब
त्याच धुळीसाठी फिल्टर आणि बॉक्स असतो, भाऊ! त्या रस्त्याने उघड्या कोनाने पावसाळ्याआधी जाऊन ये. मातीतली वाळू बोअरला ओरखडे काढते, आणि कोनाला तेल जास्त लावलं तर तेच तेल सेन्सरवर जाऊन बसतं. माझ्या मेव्हण्याने त्याच्या सिंगलला असला फिल्टर लावला होता. दिवाळीपर्यंत गाडी इंजिन ऑइल प्यायला लागली.

पाना_बारा
मेव्हण्याने ऑइल शेवटचं कधी बदललं होतं तेही सांगा.

चेन_ल्यूब
ते विषयाला सोडून आहे.

जुनी_यामाहा
हा हा.

बिबवेवाडी_६५०
ज्याच्यावर सगळे तुटून पडलात तो मी. कोणीतरी लिंक पाठवली.

पहिली गोष्ट, मी ग्राइंडर लावलेला नाही, नीट रबर बूट घेऊन फिल्टर बसवलेत. दुसरी, गाडी वरच्या आरपीएमला आधीपेक्षा मोकळी ओढते, तुम्ही काही म्हणा. लवळ्याच्या रस्त्यावर मित्राच्या स्टॉक गाडीला मागे टाकली. सिग्नलला आयडल थोडं खालीवर होतं, पण ते पेट्रोलमुळे असणार. वरती वाचलं ना, ई२०.

फडातला
बघा! आता याच्या पॉलिश पेपरचा दोषही उसावर.

चाकणची_लेक
दोन्ही बाजूच्या एक्झॉस्ट पाइपवर, गाडी थंड असताना चालू करून, पाण्याचे थेंब टाक. एका बाजूचे उशिरा उडाले तर ते सिलिंडर मागे पडतंय. इथेनॉल काय एकाच सिलिंडरला जात नाही.

जुनी_यामाहा
गेज विकत घ्यायची गरज नाही, बाळा. पारदर्शक नळी घे, मध्ये अर्धवट टू-स्ट्रोक ऑइल भर, यू करून लाकडाच्या पट्टीला बांध आणि दोन टोकं दोन थ्रॉटल बॉडींच्या व्हॅक्यूमच्या निपलला लाव. दोन्हीकडे ऑइल एका पातळीला येईपर्यंत लिंकेजचा स्क्रू फिरव. सुरुवातीला फरक मोठा असेल तर इंजिन ऑइल गिळून टाकेल, म्हणून नळी लांब ठेव आणि बोट किल स्विचवर. सील केलेल्या स्टॉप स्क्रूला हात लावलास तर मी स्वतः बिबवेवाडीत येईन.

चेन_ल्यूब
सिंक (दोन्ही बॉडींचा ओढा सारखा) कर, पण मूळ एअरबॉक्स परत बसवून कर. आणि लवळ्याचं सांगू नकोस, मित्राचं वजन किती?

बिबवेवाडी_६५०
चौऱ्याण्णव. पण तो चालवतो चांगला.

एअरबॉक्सचं म्हणाल तर तो विकला.

चेन_ल्यूब
विकलास?!

बिबवेवाडी_६५०
फिल्टरचे पैसे कुठून आणायचे होते?

पाना_बारा
काका, आता तुम्हीच जुना बाजार फिरून त्याला शोधून द्या. एवढी कळकळ आहे तर.

मायलेज_रडगाणं
दराचं काय झालं पण? सहा टक्के कमी करा, माझं एवढंच म्हणणं आहे.

फडातला
आधी चौदा दिवसांचं बोला.